साडूंची गिटार आणि ताईंचा आवाज

आमच्या साडूंना घाई झालेली उभ्या दिल्लीत कुणी पाहिलेली नव्हती. आर. के. पुरमच्या स्टॉपवरून सुटू लागलेल्या बसलाही ते शांतपणे जाऊ देतात आणि पुढचीची वाट बघतात. अशा माणसाला छंदही तसाच जडला. सरकारी क्वार्टरच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाल्कनीत गिटारसमोर माइक ठेवायचा, एक सूर छेडायचा आणि पायाने पेडल दाबायचं. पेडल तो सूर टिपून फिरून फिरून ऐकवत राहतं. मग त्यावर दुसरा सूर, बऱ्याच वेळाने तिसरा. मी पहिल्यांदा ऐकायला बसलो तेव्हा चहा संपला, बिस्किटं संपली, तरी चाल म्हणून काही येईना. शेवटी धीर करून विचारलं, "सुरू कधी होणार?" डोळे न उघडता म्हणाले, "संपत आलं, यार."

माइक बिचारा कानावर पडेल ते घेतो. कधी कुकरची शिट्टी, कधी भाजीवाल्याचं "गोभी ले लो", आणि एकदा माझ्या थोरल्या मेव्हणीचं, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवती असलेल्या ताईंचं, खणखणीत "अहो, गॅस बंद करा!" तो तुकडा पेडलमध्येच राहिला. मंडळाच्या गणपतीत गिटार वाजवताना साडूंनी डोळे मिटून भलतंच बटण दाबलं आणि ताईंचा आवाज हॉलभर घुमू लागला. तिसऱ्या फेरीला पुढच्या रांगेतल्या दोन बायका खरोखरच घरचा गॅस बघायला उठल्या. ताई कडाडल्या, "आजच्या आज पुसून टाका ते!" "बिल्कुल," साडू म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात ताईंच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं. आवाज जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. गाठ साधी निघाली, पण आवाज काही येईना, नुसती कुजबुज. साडूंनी गिटार भिंतीला टेकवून ठेवली. त्या घरात जायची मला भीती वाटू लागली.

एका रविवारी सकाळी जिना चढताना वरून स्पष्ट ऐकू आलं, "अहो, गॅस बंद करा!" मी धावतच वर गेलो. बाल्कनीत साडू पेडलपाशी उकिडवे बसले होते आणि तो जुनाच तुकडा फिरत होता. माझा चेहरा पडला. "पुसायचं राहूनच गेलं," ते खाली बघत म्हणाले. तेवढ्यात आतल्या खोलीतून घोगरा, फाटका, पण चांगला मोठा आवाज आला, "अहो, अजून पुसलं नाहीत ते?"

साडू उठले आणि चक्क धावले. वाटेत स्टुलाला अडखळले, एक चप्पल बाल्कनीतच राहिली. माझा जीव भांड्यात पडला.

ताई आता पूर्वीसारख्याच बोलतात, रागावतात. फक्त तो खणखणीतपणा काही परत आला नाही. तो पेडलमध्येच आहे. साडूंनी अजून पुसलेला नाही, आणि ताईंनीही पुन्हा विचारलेलं नाही.