प्रश्नावलीशिवाय पीएच.डी.

“प्रश्नावली कुठंय?” गव्हाणे सरांनी दुसऱ्यांदा विचारलं.

“सर, प्रश्नावली नाही. प्रयोग आहे,” सुमैयानं दुसऱ्यांदा तेच सांगितलं.

सरांनी तिचा प्रस्ताव उलटा करून मागचं पान पाहिलं. तिथंही नव्हती.

आमच्या कॉलेजच्या रिसर्च सेंटरमध्ये पीएच.डी. प्रवेशाचे इंटरव्ह्यू चालू होते. मी मानसशास्त्राची प्राध्यापक आणि सुमैयाची होणारी गाईड. गव्हाणे सर कमिटीचे चेअरमन, विषय शिक्षणशास्त्र. शेजारी बाहेरगावाहून आलेले तज्ज्ञ, विषय पोहे. निदान तोवर तरी त्यांनी दुसऱ्या कशात रस दाखवला नव्हता.

आमच्याकडं मानसशास्त्रातली पीएच.डी. बहुतेक वेळा कशी होते, ते सांगते. एक प्रश्नावली घ्यायची. ती थोड्या शहरी आणि थोड्या ग्रामीण मुलांकडून भरून घ्यायची. ग्रामीण मुलांना ताण जास्त आहे, किंवा कमी आहे, असं काहीतरी काढायचं. बाइंडिंग करून वर सोनेरी अक्षरांत नाव टाकलं की झाला डॉक्टर.

सुमैयाला प्रायोगिक मानसशास्त्रात काम करायचं होतं. त्यात माणसाला काय वाटतं ते विचारत बसत नाहीत, तो काय करतो ते मोजतात. तिचे अब्बा फर्दापूरला अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्यांना रंगीत दगड विकतात. एका गिऱ्हाइकाशी मराठी, दुसऱ्याशी हिंदी. भाषा बदलताना ते क्षणभर अडखळतात, हे तिनं दुकानात बसून हेरलं होतं. तो क्षण तिला मोजायचा होता. मला विषय ऐकताच आवडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी स्वतःचा प्रश्न घेऊन आलं होतं.

आदल्या वर्षी एका दुसऱ्या सेंटरनं तिला प्रश्नावली नाही म्हणूनच परत पाठवलं होतं. त्यात माझी रिटायरमेंट जवळ आलेली. नियमाप्रमाणं त्या वर्षानंतर मला नवा विद्यार्थी घेता येणार नव्हता. शहरात असले प्रयोग करून घेणारं दुसरं कुणी मला माहीत नव्हतं. त्या दिवशी कमिटी नाही म्हणाली असती तर तिचा विषय तिथंच संपला असता.

“सर, करून दाखवू?” असं म्हणून तिनं लॅपटॉप उघडलासुद्धा.

खेळ सोपा होता. स्क्रीनवर एक एक चित्र येतं. चौकट हिरवी असेल तर नाव मराठीत सांगायचं, निळी असेल तर हिंदीत. चित्र दिसल्यापासून तोंड उघडेपर्यंत किती वेळ गेला, ते मशीन टिपते. त्याला रिअ‍ॅक्शन टाइम म्हणतात. भाषा बदलली की हा वेळ वाढतो.

आधी तज्ज्ञ बसले. पोह्यांची बशी हातात धरून त्यांनी खटाखट उत्तरं दिली. मग गव्हाणे सर बाह्या सावरत पुढं सरसावले. “आपल्याला काय अवघड? हिंदीतून सेमिनार गाजवलेत आपण!”

निळ्या चौकटीत मांजर आलं.

“मां… बिल्ली!”

मग निळ्याच चौकटीत कुलूप.

“कुलूप. म्हणजे आपलं ते… ताला! पुढचं दाखव, पुढचं दाखव.”

पुढचंही तसंच गेलं. शेवटी सरांनी विचारलं, “किती आले?”

मी टेबलाखालून सुमैयाला पाय मारला. तो तज्ज्ञांना लागला.

“सर, तुमचा वेळ जास्त लागला,” सुमैया म्हणाली. “या सरांच्या दुप्पट.”

तज्ज्ञांनी बशी खाली ठेवली. इंटरव्ह्यूत त्यांना पहिल्यांदाच गोडी वाटत होती.

“परत घे,” सर म्हणाले.

परत घेतलं. परत एकदा घेतलं. बाहेर पुढचे उमेदवार फाइली छातीशी धरून ताटकळत होते आणि आत चेअरमन “बिल्ली! ताला! बिल्ली!” ओरडत होते. शिपाई दोनदा डोकावून गेला. तिसऱ्या खेपेला सर तज्ज्ञांच्या पुढं गेले.

“हां! आता हा आकडा लिही.”

“नाही लिहिता येणार, सर. चित्रं तुम्हाला पाठ झालीत. पहिलाच धरावा लागतो.”

मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी तिचं तोंड दाबून धरावंसंही वाटलं. सरांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. त्यांनी प्रस्ताव मिटून बाजूला सारला.

“तुझी मशीनच चुकीची हाय. असल्या मशीनवर कुठं पीएच.डी. होत असती व्हय? मॅडम, नेक्स्ट बोलवा.”

सुमैया लॅपटॉप मिटू लागली. ते बघून मला सरांचा मनापासून राग आला. पण रागानं सही मिळत नाही, हे मी नोकरीत शिकले होते.

“असेल सर, चुकीची असेल,” मी म्हणाले. “पण एका माणसावरून ते कसं ठरवायचं? खूप माणसांवर वापरून बघावी लागेल. तीन-चार वर्षं जातील.”

“मग जाऊ द्या की!”

“पण एवढं करणार कोण?”

सरांनी सुमैयाकडं पाहिलं. प्रस्ताव पुन्हा पुढं ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

“हिलाच करू द्या. आणि काय गं, मशीन चुकीची निघाली की पहिलं मला येऊन सांगायचं. लई नाय, एक फोन कर.”

तज्ज्ञांनीही सही केली आणि चहा मागवला.

सुमैया आता डॉक्टर आहे. मशीन बरोबर निघाली, त्यामुळे सरांना फोन करायची वेळ आली नाही. संशोधनामागं कुतूहल हवं, असं मी वर्गात कायम शिकवलं. सहीमागं काय काय असतं, ते सिलॅबसमध्ये नव्हतं.