लागोपाठ तीनदा

केशवभाऊ घागऱ्यांनी जन्मात कधी पहिल्या रिंगला फोन उचलला नाही. सौसर-पांढुर्णा पट्ट्यात घरोघरी फोन पोहोचवणाऱ्या या गृहस्थांना स्वतः फोनवर बोलायचा मनस्वी कंटाळा होता.

सुरुवात सौसरच्या बसस्टँडजवळच्या एसटीडी बूथपासून झाली. मी तिथे चार वर्षं बसत होतो. बूथवर फोन कुठून आला तो नंबर दाखवणारा डबा होता आणि भिंतीवर भाऊंचा कायदा चिकटवलेला होता. परगावी गेलेल्याने बूथवर एकदा रिंग देऊन कापली, तर तो सुखरूप पोहोचला. लागोपाठ दोनदा, तर उलट फोन करा. लागोपाठ तीनदा, तर कुणीतरी गेलं. "बोलाले पैसे लागते, वाजवाले नाही," असं ते गिऱ्हाइकाला समजावत. लोकांना वाटे, काय दिलदार माणूस! दोनदा वाजलं की हेच लोक उलट फोन करायला आमच्याच बूथवर रांग लावत, हे दिलदारांना आधीच ठाऊक होतं.

तीनच्या बाबतीत मात्र ते कडक. एकाने थट्टेने मेहुण्यासाठी तीनदा वाजवलं, तर भाऊंनी त्याला जामसांवलीला नेऊन मारुतीपुढे कान धरायला लावले. खरंच तीनदा वाजलं, की स्वतः सायकलवर त्या घरी जात आणि माणसं जमेपर्यंत तिथेच बसत. त्यांचा हा एक गुण मी बिनशर्त मान्य करतो.

पुढे बूथचे टॉवर झाले, टॉवरची कंपनी झाली आणि भाऊ दिल्लीत सरकारचे सल्लागार झाले. सल्ला काय दिला ते सरकारला माहीत; सौसरजवळच्या रामाकोन्यात अजून रेंजसाठी गच्चीवर चढावं लागतं. तसं म्हटलं तर म्हणाले, "लेका, मी देशाचं पाहून राहिलो, तू रामाकोना घेऊन बसला!" मग त्यांना एका आखाती देशात राजदूत नेमलं. फोन न उचलणाऱ्या माणसावर दोन देशांमधला संवाद सोपवायला मोठीच दूरदृष्टी लागते. सत्कारात भाऊ गरजले, "आता तुमचा माणूस तिथं हाये. कधीबी आवाज द्या."

आवाज द्यायची पाळी माझ्यावरच आली. माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा, नवरा त्याच देशात वेल्डर होता. मालकाने पासपोर्ट दाबून ठेवला होता. जावयाला रक्ताच्या उलट्या होत होत्या, तरी मालक सोडेना. मी दूतावासात फोन केले. सहायक म्हणे, साहेब मेजवानीला गेलेत. मैत्रीचे संबंध फार खादाड असावेत. भाऊंचा खासगी नंबर मी रोज एकदा वाजवत होतो. एकदा वाजतंय म्हणजे सगळं सुखरूप, असं त्यांनी धरलं असणार. सुमन रोज विचारायची, "दादा, उचलला का जी भाऊंनी?" तिच्याकडे बघवत नव्हतं.

बाराव्या दिवशी मी लाज सोडली. त्या नंबरवर रिंग दिली, कापली. पुन्हा दिली, कापली. आणि पुन्हा.

चार मिनिटांत भाऊंचा फोन आला. "कोण गेलं रे?" हा राजदूत नव्हता, आमचा बूथवाला होता.

"कोणी नाही गेलं, भाऊ. पण अशानं जावई जाईन." मी सगळं सांगितलं.

भाऊंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खोटं वाजवलं तू. जामसांवलीले जाऊन कान धर." आणि जरा थांबून, "नाव सांग जावयाचं."

त्यानंतर नवव्या दिवशी जावई घरी आला. भाऊ म्हणे स्वतः त्या मालकाच्या दारात जाऊन बसले होते. एवढं त्यांना जमत होतं हे कळल्यावर आधीच्या अकरा दिवसांचा मला जास्तच संताप आला. जामसांवलीला मी नारळ फोडला, कान काही धरले नाहीत. भाऊंना तसं कळवलंही. "पाहून घेईन तुले," ते म्हणाले.

निवृत्त होऊन ते नागपूरला राहायला आले. गेल्या महिन्यात मी सकाळी संत्र्यांना पाणी देत होतो, तेव्हा फोन वाजला. भाऊंचं नाव. उचलेपर्यंत कापला. पुन्हा वाजला, कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मला हसूच फुटलं. म्हातारा उट्टं काढत होता तर! एक ठेवणीतली शिवी जुळवून मी उलट फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला गेला.

शिवी तोंडातच राहिली. पलीकडून वहिनी म्हणाल्या, "त्याहीनंच सांगून ठेवलं होतं, याले बोलू नका, नुसतं वाजवा."