दहा झाल्याशिवाय नाही

पनवेलमध्ये एकही कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाही, याला वीज, वाहतूक आणि प्रमुख पाहुणे यांच्याइतकेच आमचे वरचे काका जबाबदार आहेत. आमच्या वरच्या मजल्यावर राहतात म्हणून वरचे काका. त्यापलीकडचं नाव विचारायची वेळ इमारतीत कुणावर आली नाही. सत्तरी ओलांडलेली, अंगात कडक इस्त्रीचा बुशशर्ट, आणि उन्हापावसाशी संबंध न ठेवता बारमाही हातात असलेली छत्री.

आमच्या सोसायटीसमोर पूर्वी राडारोड्याचं मैदान होतं. त्याची बाग झाली. उद्घाटनाला इतके मान्यवर आले की नव्या हिरवळीला दिसायला जागा उरली नाही, आणि त्यानंतर त्यांतलं कुणी तिकडे फिरकलं नाही. मध्यभागी पोलादाचं एक उंच शिल्प आहे. त्याखालच्या पाटीवर ‘नगराची आकांक्षा’ असं लिहिलंय; पाटी नसती तर कुणीतरी शिडी दुरुस्तीला आणून विसरलंय असं वाटलं असतं. काका त्याला छत्री अडकवतात. “बागेत एक खुंटी हवीच होती,” म्हणतात. शेजारी अर्धगोल पायऱ्यांचा खुला रंगमंच आहे. दर रविवारी संध्याकाळी तिथे कुणीतरी गातं, वाजवतं किंवा कविता वाचतं, आणि पनवेल त्या वेळी घरी बसून टीव्ही बघतं.

काका मात्र पहिल्या पायरीवर असतात. त्यांचा नियम एकच: दहा माणसं झाल्याशिवाय सुरुवात नाही. हा नियम त्यांना कुणी करायला सांगितलेला नाही, आणि तो मोडायची कुणाची हिंमतही होत नाही. एकदा एका बासरीवाल्याने सहा जण बघून बासरी ओठाला लावली. काकांनी हात वर केला. “थांबा. नऊ जणांसमोर वाजवलं तर तो रियाज. दहा झाले की कार्यक्रम.” मग ते फाटकावर जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले, आणि पाणीपुरी खाणारं एक आख्खं कुटुंब हातातल्या प्लेटांसकट घेऊन आले. ती बासरी तिखटाच्या सुस्काऱ्यांसह पार पडली. दुसऱ्या रविवारी कविता होत्या, म्हणजे माणसं साहजिकच आणखी कमी. काकांनी रोडपालीचा एक रिक्षावाला धरून आणला. तो बिचारा म्हणाला, “काका, आमाला कवितेतला काय नाय कलत.” काका म्हणाले, “कळायचं नाही रे. बसायचंय.” तो बसला. नंतर दर रविवारी आपणहून येऊन बसू लागला. कविता त्याला अजूनही कळत नाहीत, पण त्याबाबतीत तो आणि मी एकाच पायरीवर आहोत.

मी एकदा विचारलं, “काका, दहाच का?” ते सहज म्हणाले, “सवय.” मग स्वतःच सांगू लागले. ते बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. लहानपणी सणाला इथलं, पनवेलचं प्रार्थनालय इतकं भरायचं की मुलांना बाहेर बुटांजवळ उभं राहावं लागे. मग एकेक घर इस्राएलला गेलं. काकांची मुलगी आणि मुलगाही गेले. “त्यांची सकाळ सरत येते तेव्हा मी दुपारच्या झोपेच्या तयारीत असतो,” म्हणाले. काही प्रार्थना समाजातले दहा पुरुष असल्याशिवाय म्हणता येत नाहीत. आता शनिवारच्या प्रार्थनेला दहा जमवायला दर आठवड्याला आधीपासून फोनाफोनी होते. पुढच्या आठवड्यात काकूंना जाऊन वर्ष होत होतं. गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना त्यांतलीच. “आठ जण नक्की आहेत, माझ्यासकट,” काका म्हणाले, आणि छत्री घेऊन घरी गेले.

हे मी रिक्षावाल्याला सांगितलं. त्याने क्षणभरही विचार केला नाही. “दोन कमी हायत ना? मग आमी दोघं हाव की.” बागेत आम्ही वर्षभर दहातच धरले गेलो होतो, त्यामुळे मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. काकूंना वर्ष झालं त्या संध्याकाळी आम्ही डोक्याला रुमाल बांधून प्रार्थनालयाच्या फाटकाशी पोहोचलो. काका तिथेच उभे होते, रस्त्याकडे बघत. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा उजळला, आणि मग आम्ही का आलो ते त्यांच्या लक्षात आलं.

“तुम्हाला यात धरता येत नाही रे,” ते म्हणाले. जणू चूक त्यांची होती. “पण बसा. आलात ना.”

आम्ही मागच्या बाकावर बसलो. समोर आठ म्हातारी डोकी. एखादी गाडी वळली की आठही डोकी दाराकडे वळत. बाहेर अंधार पडला. दहा नसताना ज्या प्रार्थना चालतात त्या झाल्या. काकूंसाठीची ती एक राहिली. निघताना काकांनी आम्हा दोघांच्या हातावर गूळखोबरं घातलेले पोहे ठेवले. काका रिक्षावाल्याच्याच रिक्षातून घरी आले, छत्री दोन्ही हातांत धरून.

पुढच्या रविवारी बागेत एक मुलगी गाणार होती. तिचे नातेवाईकच एवढे होते की पायऱ्या अर्ध्या भरल्या. शिल्पाला छत्री लटकत होती, पण काका पहिल्या पायरीवर नव्हते. ते फाटकावर उभे राहून रस्त्याकडे बघत होते. मी जवळ गेलो.

“काका, चला. दहा केव्हाच झाले.”

त्यांनी वळून पायऱ्यांकडे पाहिलं.

“हो,” म्हणाले, “इथे होतात.” आणि माझ्याबरोबर येऊन बसले.