न घेतलेली धाव

वर्कशॉपमध्ये त्याला सगळे भोपळेशेठ म्हणत. वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण हातात बॅट आली की गडी आल्या पावली परत. शून्यावर बाद म्हणजे भोपळा, आणि ज्याचा भोपळा त्याने किटची बॅग घरी न्यायची, असा संघाचा रिवाज. त्यामुळे दर रविवारी ते धूड त्याच्याच खांद्यावरून घरी यायचं. बायको दार उघडून म्हणायची, "या शेठ! यंदा पीक जोरात आहे म्हणायचं!" मग दोघं मिळून घामट ग्लोव्हज दोरीवर वाळत घालायची.

या हंगामात मात्र तिने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले. शेवटच्या सामन्याला तो जाणारच नव्हता, तिनेच पिटाळलं.

"जा हो. इथे उशाशी बसून काय दिवे लावणार आहात? एक धाव काढून या. एकच."

तो नेहमीसारखा सगळ्यात शेवटी उतरला. सामना केव्हाच हातचा गेला होता. एरवी आग ओकणारा गोलंदाज चार पावलं चालत आला आणि लहान मुलाला टाकावा तसा चेंडू त्याने टाकला. क्षेत्ररक्षक आपणहून मागे सरकले. पलीकडच्या टोकाला उभा असलेला फोरमन, म्हणजे संघाचा कप्तान, ओरडला, "शेठ, नुसती बॅट लाव आणि पळ!"

त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कीव! आजवरचे सगळे भोपळे त्याने हसत पचवले होते. ही भीक काही घशाखाली उतरेना. त्याने बॅट बाजूला घेतली. चेंडू रमतगमत आला आणि यष्टीला लागला.

"अरे गाढवा, काय केलंस हे!" फोरमनने कपाळावर हात मारून घेतला.

घरी येऊन त्याने तिला ताठ मानेने सगळं सांगितलं. "दानात मिळालेली धाव आपल्याला नको. त्यापेक्षा खरा भोपळा परवडला."

ती हसेल असं त्याला वाटलं होतं.

"फोरमनभावजींना मीच गळ घातली होती," ती म्हणाली. "कीव नव्हती हो ती. धाव काढून आलात की कसे दिसता, तेवढं एकदा बघायचं होतं मला."

तो तिच्या उशाशी टेकला. "पुढच्या रविवारी काढतो की. तुझी शपथ."

"हंगाम संपला ना," ती म्हणाली, आणि दुखणं जणू त्याचंच असावं तसा त्याचा हात थोपटत राहिली.