उल्केत मावेल एवढंच

बंगळुरात बसवनगुडीतल्या आमच्या गच्चीवरची अँटेना एवढी मोठी होती की घारी तिला विचारून वळायच्या. पहाटे मी खालच्या खोलीत रेडिओपाशी, नागपुरात माझा मेहुणा त्याच्या रेडिओपाशी, आणि मध्ये उल्का. उल्का जळाली की मागे विजेने भारलेल्या हवेची रेघ राहते. तिच्यावर आपटून निरोप हजारेक किलोमीटर लांब उतरतो. पण रेघ टिकते पापणी लवेपर्यंत. तेवढ्यात जाईल ते जाईल, बाकीचं पुढच्या उल्केला.

"त्यापेक्षा फोन करा की," बायको म्हणायची. फोन काय, कुणीही करतं!

सुरुवातीला "चहा झाला का?" पोचेपर्यंत तिकडे जेवणं उरकायची. मेहुणा नंतर फोनवर हसायचा, "भाऊजी, तुमचा 'चहा' आला, 'झाला का' अजून वाटेतच आहे बाप्पा!"

मग आम्ही वेगाच्या मागे लागलो. रेघ ताजी असताना निरोप भरधाव सोडायचा, विरायला लागली की हळू. संगणक ते आपोआप करू लागला. शिवाय मी मजकुराला कात्री लावली. नमस्कार गेला, चहा गेला, पोरांची चौकशी गेली. आमचं बोलणं काडेपेटीत मावू लागलं.

एवढ्यात मेहुण्याची इमारत पाडायची ठरली. नव्या जागेत अँटेना लावू देणार नव्हते. शेवटच्या पहाटे एकच हवं होतं: एकाच रेघेवर माझा निरोप जावा आणि त्याचं उत्तरही यावं. ते कधीच जमलं नव्हतं.

आणि आली! उल्का कसली, शेजारचं अख्खं लालबाग उद्यान पेटून खाली आल्यासारखं. माझा निरोप गेला, उत्तर आलं, सगळं एका झटक्यात. पण रेघ विरेचना. बायकोची कणीक मळून झाली तरी नागपूरच्या रेडिओचा सूर कानात स्वच्छ वाजत होता. नुसता सूर. संगणकाकडे पाठवायला काहीच उरलं नव्हतं. मी दोन बोटांनी घाईघाईने टाइप करू लागलो. "चहा झा" इथवर आलो आणि सूर बुडाला.

लगेच फोन वाजला. "जमलं ना भाऊजी!" मेहुणा ओरडला. मग म्हणाला, "रेघ लय टिकली. मी 'ताईला' एवढंच लिहू शकलो. तुम्ही?"

"मी? मी तर पानभर लिहिलं होतं," मी ठोकून दिलं.