बँकॉकात लागलेली अकोला गाडी

बँकॉक म्हटलं का तुमी गालातल्या गालात हसता, पण मी आई-बाबासंगं गेल्तो, त तसलं काही ऐकाले भेटणार नाही. काल तिथल्या हिरव्या बामाची बाटली उघडली, अन् त्या वासानं मले परतीचा विमानतळच आठवला. विमान चार तास लेट होतं, आई बाथरूमले गेल्ती, अन् बाबा तिघांचे पासपोर्ट कमरेच्या पाकिटात ठेवून, खांद्यावर दुपट्टा टाकून बाकड्यावर घोरून राह्यले होते. मले नकलांची खाज. नाक दाबून एसटी स्टँडवरल्या साहेबाच्या आवाजात त्याईच्या कानाशी बोललो, “अमरावती-अकोला गाडी फलाट तीनवर लागली आहे!” अन् हसू दाबत पाणी भराले गेलो. परत येतो त बाकडं रिकामं! तेवढ्यात आमच्या विमानाचा शेवटचा पुकारा झाला. आई बाथरूममधून आली अन् रडालेच लागली. बाबाजवळ फोन नाही, मराठीशिवाय भाषा नाही. मी नुसता पळत सुटलो. शेवटी म्हाताऱ्या प्रवाशांच्या बॅटरीगाडीत बाबा दिसले. बाजूच्या दोन सीटांवर दुपट्टा टाकून, अर्ध्या झोपेत, आमची जागा धरून बसले होते. “बस पटकन, लोकं उभे राह्यतीन!” विमानात घुसलो तवा दार लागूनच राह्यलं होतं. पट्टा लावता लावता मी नकलेचं कबूल केलं, तसे बाबा माह्याकडं वळले. “काहून बे नालायका, इथं एक शब्द समजत नाही मले. एवढ्या गर्दीत एकच आवाज आपल्या गावचा आला, म्हून जीव खाऊन धावलो. अन् तो बी खोटा काढतं तू?”