हिरव्या झग्याचं वय

माझ्या मावशीला जुन्या कपड्यांची भारी किळस, आणि नशिबाने तिला पोटासाठी नेमके तेच हुंगायला बसवलं. जुन्या कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत ती बसायची, मी तिथेच इस्त्रीला. गाठोडं सुटलं की डांबराच्या गोळ्या, उंदराच्या लेंड्या आणि कुणाकुणाचा जुना घाम यांचा असा भपकारा यायचा की खाल्लेलं घशाशी यायचं. मावशी नाक मुरडत, शिव्या घालत एकेक झगा उलटा करायची. शिवणीच्या कडा हाताने बांधल्यात की मशीनने, चेन पितळेची की प्लास्टिकची, कमरेला आहे की पाठीवर, हे बघून ती झग्याचं वय सांगायची. घरी आल्यावर मात्र कोपरापर्यंत साबण लावून हात धूत बसायची. आई म्हणायची, एक दिवस कातडी निघून येईल.

खरी शिसारी तिला मालकाची होती, आणि मलाही. वयाला भाव आहे हे कळल्यापासून हा बाबा नवे कोरे झगे चहाच्या पाण्यात बुडवायचा, पायरीवर घासायचा, आणि त्याला ‘थोडं वय देणं’ म्हणायचा. बोटं कायम पिवळी, त्याच बोटांनी खाणं. मावशी म्हणायची, घाम निदान खऱ्या माणसाचा तरी असतो.

त्या सुमाराला एक म्हातारी बाई दुकानात यायला लागली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. ती दवाखान्यात असताना सुनेने कपाट आवरलं आणि म्हातारीच्या आईचा हिरवा झगा इतर कपड्यांबरोबर विकून टाकला. कुठल्या दुकानात, ते सुनेला आठवत नव्हतं. म्हणून म्हातारी सगळी दुकानं पालथी घालत होती. हिरवं काही हाती लागलं की एकच विचारायची, हा किती जुना? आईने तो हिच्या जन्माआधी शिवला होता, तेव्हा तिच्याहून कमी वयाचा झगा तिच्या काही कामाचा नव्हता.

मालकाने गिऱ्हाईक हेरलं. एका सकाळी टेबलावर हिरवा झगा हजर, आणि म्हातारीला निरोपही गेलेला. वय जरा वाढवूनच सांगा, असं मावशीला आधीच बजावून झालं होतं.

बाई आल्या, कापडावरून हात फिरवत राहिल्या, चेहरा कोराच. मग बोटं कमरेच्या पितळी चेनला लागली. चेनची पकड तुटलेली होती आणि तिच्या जागी तांब्याच्या तारेचं वेटोळं होतं. बाई होत्या तिथेच स्टुलावर बसल्या.

“ही तार माझ्या बाबांनी घातली होती,” त्या म्हणाल्या.

मालक इतका खुलला की त्याचे दात बघवेनात. ताई, आता वय सांगून टाका एकदाचं, म्हणाला.

मावशीने झगा उलटा केला आणि कात्रीच्या टोकाने चेनची पट्टी थोडी उसवली. जुन्या झग्यात पट्टीखालचं कापड झाकलेलं असतं, म्हणून तिथे रंग गडद राहतो. इथे आत काय, बाहेर काय, एकच मळका हिरवा. तिने झग्याची काख नाकाला लावली. नुसता चहा. झगा नवा, मग ही जुनी चेन आली कुठून? आणि एकदम तिचा चेहरा उतरला.

मलाही तेव्हाच आठवलं. मागे एका गाठोड्यात काखेत कुजलेला, घामाच्या मिठाने कडक झालेला एक हिरवा झगा आला होता. मावशीला त्या वासाने ओकारीच आली. उलटा करून न बघताच तिने तो पायाने बाजूला सारला आणि मालकाला म्हणाली, फेका. पण मालक कधी काही फेकायचा नाही. चेन त्याने काढून घेतली, आणि उरलेल्याचं फडकं शिलाई मशीनजवळच्या खिळ्याला लटकत होतं.

मावशी नुसतं ‘जुनाच आहे’ म्हणाली असती तर म्हातारी खूश, मालक खूश, आणि तिची नोकरीही शाबूत. ती उठली, खिळ्यावरचं फडकं काढलं आणि बाईंच्या मांडीवर ठेवलं.

“आजी, चेन तुमच्या आईचीच आहे. झगा नवा आहे. त्यांच्या झग्याचं एवढंच उरलंय. घाण वास आला म्हणून मीच फेकायला सांगितला. वय बघितलंच नाही.”

बाईंनी फडकं चाचपत चाचपत काखेचा तो कडक तुकडा शोधून काढला आणि नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मला बघवेना.

“तिला घाम फार यायचा,” त्या म्हणाल्या.

तोवर मालक सावरला होता. पिशवी घेऊन पुढे आला आणि म्हणाला, न्या, पण धुऊ नका हं, अस्सल माल आहे. इतकं झाल्यावरही तो पिवळ्या बोटांनी फडक्याची घडी घालायला वाकला.

मावशीने त्याचा हात झटकला. बाकीची चेनही तिने नव्या झग्यावरून उसवून काढली. मग घडी स्वतः घातली, काख आतल्या बाजूला ठेवून, आणि तारेची चेन वर ठेवली.